म्हस पुढं, माणूस मागं

मी छत्तीस वर्षं धारवाडच्या एका शाळेत इतिहास शिकवला. मुलांनी माझं नाव ‘सनावळी सर’ ठेवलं होतं आणि मला ते मनापासून आवडायचं. एखाद्या पोरानं ‘साधारण त्याच सुमारास’ असं लिहिलं की मी तांबड्या पेन्सिलीनं गुण कापायचो. तारीख नाही तर इतिहास नाही, हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आमच्या घरच्या मोलकरणीलाही ते पाठ होतं. माझा हा ताठा उतरवला तो शाळेची पायरी कधी न चढलेल्या ठकूबाईनं.

ठकूबाई कलघटगीच्या पलीकडच्या डोंगरातली. गवळी-धनगरांची तिथं दहा-बारा घरांची वस्ती आहे, तिला दड्डी म्हणतात. कानडीत दड्डी म्हणजे गुरांचा वाडा. या लोकांनी स्वतःच्या गावालाही तेच नाव ठेवलंय, कारण आपण वेगळे आणि म्हशी वेगळ्या हा हिशेब त्यांच्यात नाही. दर मंगळवारी ती पहिल्या बसनं धारवाडला यायची, डोक्यावर बुट्टी, बुट्टीत रानातल्या रुंद पानांत बांधलेलं लोणी. आमच्या माळमड्डीत कानडी लोक तिला ‘बेण्णी अज्जी’ म्हणायचे, लोण्याची आजी. माझी बायको कुसुम तिला ठकूमावशी म्हणायची. मी ठकूबाई म्हणायचो आणि ती मला मास्तर.

अंगानं चिमूटभर बाई. लुगडं गुडघ्याच्या जरा खाली, दंडावर हिरवं गोंदण, पायांत चांदीचे वाळे, आणि आवाज मात्र असा की देवळातल्या घंटेनं गप्प बसावं. तिचाही इलाज नव्हता. जन्मभर या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या माणसाशी बोलायची सवय. आमच्या ओसरीवर बसून ती कुसुमला ‘हळूच सांगते हां’ म्हणून जे सांगायची ते रस्त्याच्या टोकाच्या किराणा दुकानदाराला कळायचं. एकदा कुसुमनं मला चोरून डाळिंबी रंगाची साडी घेतली होती. त्या साडीची बातमी मला वरच्या खोलीत, दार लावून पेपर तपासत बसलेलो असताना मिळाली.

लोणी विकायची, तूप विकायची, पण ताक नाही. ताक मागणाऱ्याला तसंच द्यायचं, हा तिच्या घरचा कायदा. आमच्या शेजारी नवीनच राहायला आलेल्या एका निवृत्त बँक मॅनेजरांनी तिला एकदा विचारलं, “अज्जी, ताकाचं काय घेणार?” ठकूबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बिचारे एक पायरी मागे सरले.

“ताक इकत्यात व्हय कुटं?” ती म्हणाली. “आज ताक इकाल, उद्या पानी इकाल!”

मॅनेजरसाहेबांच्या हातात तेव्हा विकतच्या पाण्याची बाटली होती. त्यांनी ती हळूच पाठीमागे धरली. पुढच्या मंगळवारी त्यांच्या दारात तांब्याभर ताक आपोआप आलं आणि मग ते दर मंगळवारी येत राहिलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ठकूबाईला साल, महिना, तारीख यांतलं काहीही कळत नव्हतं आणि त्याची तिला जराही लाज नव्हती. तिचं पंचांग म्हशींच्या पोटातून निघायचं. आमच्या घराचा वरचा मजला कधी बांधला यावरून माझं आणि कुसुमचं एकदा चांगलंच जुंपलं होतं. ठकूबाई लोणी तोलत होती. मान वर न करताच म्हणाली, “शेवरी दुसऱ्यांदा व्याली तवा.”

“म्हणजे कुठल्या साली?” मी विचारलं.

“शेवरीच्या दुसऱ्या येताला. त्याच पावसात तुमची धाकली झाली. चीक घिऊन आलते न्हवं मी?”

मी संध्याकाळी जुनी फाईल काढून पाहिली. धाकटीचा जन्म आणि मजल्याची परवानगी, दोन्ही एकाच पावसाळ्यातली. मी चूक होतो, कुसुम चूक होती आणि शेवरी बरोबर होती. कुसुमला याचा जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही.

मग मला नादच लागला. मी मुद्दाम तिला काही ना काही विचारायचो. मोठा दुष्काळ कधी? बिजली आटली तेव्हा. दड्डीपर्यंत सडक कधी आली? चांदीच्या नाकात वेसण घातली त्या उन्हाळ्यात. एका मंगळवारी मी वही-पेन घेऊन बसलो आणि विचारलं, “ठकूबाई, तुमचे लोक इथं कधी आले? मूळचे कोल्हापूर-साताऱ्याकडच्या डोंगरातले ना तुम्ही?”

“आमी कुटं आलो मास्तर?” ती हसली. “थोरली भुरी आली. तिकडं चारा सपला. भुरीनं नाक वर क्येलं, वास घितला आन चालाय लागली. आमची मान्सं तिला वळवाय मागनं गेली. ती काय वळंना. डोंगुर सपत्यात पर भुरी थांबंना. हितं वड्याला पानी बगितलं आन बसली. म्हस पुढं, मानूस मागं. आसंच हाय आमचं.”

मी वहीत लिहिलं: ‘स्थलांतराचे कारण, चाराटंचाई.’ लिहून झाल्यावर माझंच मला ते फार कोरडं वाटलं.

दसऱ्याला एकदा आम्ही दोघं तिच्या दड्डीवर गेलो. दसरा हा त्यांचा मोठा सण. आसपासच्या दड्ड्यांचे लोक देव घेऊन एका माळावर जमतात, पुरुष पायांत घुंगरू बांधून ढोलावर नाचतात आणि बायका फुगड्या घालतात. ठकूबाई तेव्हा सत्तरी ओलांडलेली. तिनं कुसुमचे हात धरले आणि काय होतंय हे कळायच्या आत दोघी भोवऱ्यासारख्या फिरू लागल्या. आमच्या घरात गुडघ्याला तीन प्रकारची तेलं लावणारी बाई तिथं ‘अजून एक, अजून एक’ म्हणत होती. मी चपला सांभाळत कडेला बसलो होतो. मला वाटतं, त्या दिवशीइतकं मोठ्यानं हसताना मी कुसुमला पुन्हा पाहिलं नाही.

तर अशा ह्या ठकूबाईनं एका मंगळवारी लोणी न तोलताच बुट्टी खाली ठेवली. तिचा मुलगा धोंडू बरोबर होता. धोंडू हुबळीजवळ तारिहाळला एका कारखान्यात लेथवर काम करायचा आणि रविवारचा डोंगरावर यायचा. त्यानं खिशातून वनखात्याचा कागद काढला. दड्डीची जागा रानाची आहे, राहण्याचा हक्क दाखवा नाहीतर उठा, असा त्या नोटिशीचा मतलब.

रानात पूर्वापार राहणाऱ्यांना तिथं हक्क देणारा कायदा आहे, हे मला ठाऊक होतं. पण या लोकांसारख्यांना तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, तिथंच राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. अर्जदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांची जबानी चालते, वंशावळ चालते, जुन्या खाणाखुणा चालतात. कागद मात्र दड्डीत एकही जुना नव्हता. म्हशी कागद सांभाळत नाहीत.

“उटायचं म्हंजी कुटं जायाचं?” ठकूबाईनं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. “आमी ऱ्हाऊ कुटंबी. धोंड्याच्या खोलीवर ऱ्हाऊ. पर बावीस म्हशी तारिहाळात बांदू व्हय?”

“वंशावळ करू,” मी म्हटलं. “सगळ्यात म्हातारी तूच आहेस. नवऱ्याचं नाव सांग, मग सासऱ्याचं, मग त्यांच्या बापाचं.”

ठकूबाईनं पदर तोंडावर घेतला आणि मान हलवली. धोंडू म्हणाला, “बाचं आन आज्याचं मी सांगतो मास्तर. त्याच्या म्होरचं आयलाच म्हाईत हाय. पर ती सांगायची न्हाई. सासरच्या थोरांचं नाव बाईनं घ्यायचं नसतं.”

कुसुमला वाटलं हे सोपं आहे. “मावशी, उखाण्यात घ्या की!”

“नवऱ्याचं घितलं असतं,” ठकूबाई म्हणाली. “त्ये गेल्यावर उखाना कुनाला आयकवायचा? आन आजेसासऱ्याचं नाव उखान्यात कोन घेतं? लोक काय म्हन्तील?”

मी समजावलं, धोंडूनं विनवलं, कुसुम रागावलीसुद्धा. घर जायची वेळ आली तरी बाई ओठ उघडेना. शेवटी म्हणाली, “मान्सांची न्हाई जमायची मास्तर. म्हशींची सांगू का?” आणि मांडीवर ताल धरून, ताक घुसळताना म्हणतात तशी, सुरू झाली. “चांदी बिजलीची, बिजली शेवरीची, शेवरी भिंगरीची, भिंगरी कवडीची, कवडी मोरीची...” अशी आईमागून आई, थोरल्या भुरीपर्यंत. कोण कुठे जन्मली तेही सांगत गेली. चांदी आत्ताच्या गोठ्यात, भिंगरी जांभळीखाली, मोरी ओढ्याच्या वळणावरच्या जुन्या दड्डीत. मी सवयीनं लिहून घेतलं. पुरावा म्हणून नव्हे, ऐकायला छान वाटलं म्हणून.

माझा भाचा सुधीर हुबळीला कोप्पीकर रोडवर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. अर्ज कानडीत टाईप करायचा म्हणून मी सगळे कागद त्याच्याकडे दिले आणि ‘वंशावळ नीट टाक रे’ एवढं बजावून परत आलो. माझ्या कागदांत पुरुषांची नावं दोनच होती, तीही कडेला समासात, आणि पिढ्यांची यादी एकच होती. सुधीर पडला शहरातला माणूस. त्यानं मामाची आज्ञा पाळली. अर्ज सादर झाला. मी तो वाचून पाहिला नाही, हे छत्तीस वर्षं पोरांना ‘पेपर देण्याआधी पुन्हा वाचा’ सांगणाऱ्या माणसाला कबूल करणं जड जातंय.

चौकशीसाठी समिती पायथ्याच्या गावी आली. पंचायतीच्या खोलीत तालुक्याचे एक साहेब, दोन सभासद, मधे टेबल, आणि समोर सतरंजीवर अख्खी दड्डी. साहेब तरुण होते, हुशार दिसत होते. त्यांनी अर्ज उघडला आणि ‘अर्जदाराचे पूर्वज’ या रकान्यातली नावं मोठ्यानं वाचायला लागले. “चांदी. बिजली. शेवरी. भिंगरी...” मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं तर खाली पंचायतीची फरशी.

साहेब थांबले. चष्मा वर केला. “एल्ला हेंगसर हेसरऽ अदावल्री! ओब्ब गंडसू इल्लेनु?” सगळी बायकांचीच नावं, एकही पुरुष कसा नाही?

साहेबांना मराठी कळत होतं, ठकूबाईला कानडी. ती शांतपणे मराठीत म्हणाली, “रेडं कोन ठिवतं सायेब? पारड्याच ऱ्हात्यात.”

दड्डीतली माणसं आधी हसली. मग सभासद हसले. साहेबांना कळायला क्षणभर लागलं आणि मग त्यांनी फाईल तोंडापुढे धरली. ती फाईल बराच वेळ हलत होती. मी उठून सगळा दोष माझ्यावर आणि सुधीरवर घेतला. साहेबांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि मग हसू आवरून म्हणाले, “मास्तर, मजा झाली. पण मी म्हशींना पूर्वज धरू शकत नाही. माणसांची नावं नसतील, आणि बाहेरचा कुणी साक्षीदार नसेल, तर अर्ज परत करावा लागेल.”

धोंडू आईच्या कानाशी लागला. मला ऐकू आलं, “आये, एकदा घे की नाव. देव माफ करल.” ठकूबाईचे डोळे भरले होते. तिनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. त्या दोन क्षणांत तिनं काय काय उलटंपालटं करून पाहिलं असेल ते तिलाच ठाऊक. मग ती उठून उभी राहिली.

“म्हशींला पूर्वज धरू नगा सायेब. पर आयकून तर घ्या.”

आणि तिनं म्हणायला सुरुवात केली. ओसरीवरच्या आवाजात नाही, टेकडीवरच्या आवाजात. “चांदी बिजलीचीऽ, बिजली शेवरीचीऽ...” खिडक्यांची तावदानं थरथरली. बाहेर कट्ट्यावर ईरप्पा नावाचे गावातले एक शेतकरी आजोबा ऊन खात बसले होते. नव्वदी ओलांडलेले, ठार बहिरे. घरचे लोक त्यांच्याशी हातवाऱ्यांनी बोलायचे. पण हा आवाज त्यांच्याही कानात शिरला. “...कवडी मोरीचीऽ” इथं ठकूबाई पोचली आणि ईरप्पाअज्ज काठी टेकत दारात येऊन उभे.

“मोरी?” ते ओरडले. “वड्याकडची मोरी? अद ननग हायदित्तरी, साहेबर!” हिनंच मला शिंग मारलं होतं!

आणि भर समितीपुढे आजोबांनी धोतर गुडघ्याच्या वर घेतलं. मांडीवर वीतभर लांब, जुनाट, पांढरा व्रण. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. उन्हाळ्यात गवळ्यांच्या म्हशी शेतकऱ्यांच्या शेतात बसवायच्या. शेताला खत मिळायचं, गवळ्यांना जोंधळा. ईरप्पांच्या वडिलांच्या शेतात मोरी बसली होती. ईरप्पा सात वर्षांचे. पैज मारून तिच्या शेपटीला लोंबकळले. पुढचं मांडीवर लिहिलेलं होतं. जखमेवर हळद आणि लोणी लावायला ठकूबाईची आजेसासू रोज डोंगर उतरून यायची.

“ती लई गुनी व्हती,” ठकूबाई म्हणाली. आजेसासू नव्हे, मोरी.

मी ईरप्पाअज्जांच्या ओळखपत्रावरचं जन्मसाल मागून घेतलं. सात मिळवले. आयुष्यात पहिल्यांदा मला एका म्हशीची तारीख सापडली होती, आणि ती पंचाहत्तर वर्षांच्या बऱ्याच पलीकडची होती. मी आकडा सांगितला तेव्हा साहेबांनी दोनदा वजाबाकी करून पाहिली. मग म्हणाले, “ही मोरी बांधत कुठे होते, जागा दाखवता येईल?”

ठकूबाई तोवर दाराबाहेर पडली होती.

ओढ्याच्या वळणावर, करवंदीच्या जाळीत, जुन्या दड्डीच्या जागी ओळीनं दगडी खुंट उभे होते. कमरेएवढे, काळे. ठकूबाईनं जाळी बाजूला केली आणि तिसऱ्या खुंटावर हात ठेवला. दाव्यानं घासून घासून त्या दगडाला बोटभर खोल खाच पडली होती. साहेबांनी खाचेत बोट घातलं, ते पुरतं बुडालं. दोर दगडात इतका शिरायला किती म्हशी आणि किती वर्षं लागली असतील, याचा हिशेब तिथं कुणी मांडला नाही. साहेबांनी फोटो काढले, वहीत लिहिलं आणि उतरताना ठकूबाईला विचारलं, “अज्जी, थोडं ताक मिळेल?” आता हे काम होणार असं मला तेव्हाच वाटलं.

झालं, पण सरकारी चालीनं. मधे बरेच मंगळवार गेले. कागद आला तेव्हा धोंडू आम्हाला न्यायला आला. दड्डीतले सगळे अंगणात बसले होते आणि हक्कपत्र मी वाचावं असं ठरलं होतं. मी उभं राहून वाचलं, कानडी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. ठकूबाईच्या नवऱ्याचं नाव आलं तशी तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि लाजली. नवी नवरी लाजते तशी. ते नाव मीही इथं लिहीत नाही. चतुःसीमा झाल्या, सही-शिक्का झाला, मी कागद खाली केला.

ठकूबाई माझ्याकडे बघतच होती. “आन म्होरं?”

“झालं की.”

“म्हशी न्हाईत?”

कागदात म्हशी नव्हत्या. पण मी तो कागद पुन्हा वर धरला आणि तारीख नाही तर इतिहास नाही म्हणणाऱ्या मी, जन्मात पहिल्यांदा, नसलेला मजकूर वाचला. “चांदी बिजलीची. बिजली शेवरीची. शेवरी कवडीची—”

“भिंगरीची!” ठकूबाई ओरडली. “नीट वाचा की मास्तर!”

अख्खं अंगण हसलं. मी गुण कापून घेतले आणि भुरीपर्यंत बिनचूक वाचलं. मग ती समाधानानं उठली आणि म्हणाली की कागद आला त्याच आठवड्यात चांदी व्याली आहे, पारडी झाली आहे, आणि नाव ठेवलंय कागदी. “न्हाईतर ही साल ध्येनात कशी ऱ्हानार?”

ठकूबाई आता नाही. लोणी तिची सून आणते. सासू कधी गेली असं मी विचारलं तर ती म्हणाली, कागदीच्या पहिल्या येताला, चौथ्या दिवशी. मी तारीख विचारली नाही.

माझ्या डोळ्यांसमोर आहे ती त्या कागदाच्या दिवशीची. आम्ही निघालो तेव्हा ऊन कलत होतं. पाऊलवाटेच्या वळणावर मागून तिची हाक आली आणि आम्ही थांबून वळलो. ती आम्हाला नव्हे, म्हशींना बोलवत होती. टेकडीवर उभी राहून एकेक नाव, आणि एकेका नावाला रानातून एकेक काळं डोकं वर यायचं. सगळ्यांत शेवटी नवा शब्द आला, “कागदीऽऽ!” आठवड्याची पारडी गोठ्यातून धडपडत बाहेर पडली, पाय कुठे टाकावा ते न कळून दोनदा पडली, आणि सरळ उताराला लागली. ठकूबाई तिला वळवायला, लुगडं सावरत, हसत, शिव्या देत तिच्या मागून पळत सुटली.